अंगठ्याचे फोटो

आमच्या घरात एक चंदेरी डिजिटल कॅमेरा आहे, साबणाच्या वडीएवढा. चिखलदऱ्याच्या सहलीसाठी घेतला होता. मग मोबाइल आले आणि तो कपाटात बनियनांच्या खाली जाऊन बसला. मुलगा पुण्याहून आला की म्हणतो, "बाबा, हा संग्रहालयात देऊन टाका." मी दिला नाही. मला वस्तू टाकवत नाहीत आणि मुलाचं ऐकवत नाही.

तो बाहेर निघाला बायकोच्या पायामुळे.

मे महिन्यात भर दुपारी ती गच्चीवर वाळत घातलेल्या कुरोड्या उलटवायला गेली, अनवाणी. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर पापड वाळत नाही, भाजून निघतो. पण खाण्याच्या वस्तूभोवती चपला घालून फिरायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. मी जिन्यातून ओरडलो, "अवं, पाय भाजतीन ना!"

"मले काही नाही भाजून राहिलं," ती वरून म्हणाली.

खरंच भाजत नव्हतं, आणि तेच वाईट होतं. इतक्या वर्षांच्या शुगरनं तिच्या तळपायातली जाणीव गेली होती आणि ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या फरशीवर ओले ठसे दिसले तेव्हा कळलं. उजव्या अंगठ्याखाली मोठा फोड येऊन फुटला होता आणि ती त्याच पायानं चालत भाकरी करत होती. मी आधी तिच्यावर ओरडलो, मग गच्चीवर, मग कुरोड्यांवर. घाबरलो की मला राग येतो, हे तिला लग्नापासून ठाऊक आहे. ती शांतपणे म्हणाली, "झालं असन ओरडून तं रिक्षा बोलवा."

धंतोलीतल्या डॉक्टरांनी पाय नीट पाहिला. "जखम भरेल असं वाटतंय, पण जपावं लागेल. टाचेवरच चाला, पायाचा पुढचा भाग टेकवायचा नाही. कुठे काळं दिसलं तर त्याच दिवशी या. उशीर झाला तर अंगठा काढावा लागेल." शिवाय रोज पट्टी बदलताना एक फोटो काढायला सांगितला. तीच जागा, तोच उजेड, म्हणजे फरक कळतो.

मी मोबाइलवर फोटो काढायला लागलो. पण मुलानं त्यात काय काय जोडून ठेवलं होतं, देव जाणे. चौथ्या-पाचव्या दिवशी मोबाइलनं आपल्या मनानं त्या जखमेच्या फोटोंची एक फिल्म केली, 'गोड आठवणी' असं नाव दिलं, मागे बासरी लावली आणि मुलाच्या मोबाइलवर धाडून दिली. सून तेव्हा जेवत होती. त्यातून डॉक्टर म्हणाले, "तुमचा मोबाइल रंग फार गुलाबी करतो हो, यात सगळंच बरं दिसतं." मग मी बनियनांखालून कॅमेरा काढला आणि सीताबर्डीवरून त्याला नवी बॅटरी आणली. तो बिचारा कुणाला काही पाठवत नाही. जे दिसतं ते कार्डावर ठेवतो आणि गप्प बसतो.

सकाळी पट्टी बदलायला नर्सबाई यायच्या. बाल्कनीच्या दारात स्टूल, त्यावर पाय, आणि फरशीवर मी कुठे उभं राहायचं त्याची खडूची खूण. पट्टी सुटली की मी कॅमेरा डोळ्यांसमोर धरायचा आणि बटण दाबायचं. खरं सांगतो, ती उघडी जखम मला बघवत नसे. त्या छोट्या पडद्यावर बघवे. तो मध्ये धरला की जमायचं. फोटो झाला की मी तोंड वळवायचो आणि नर्सबाई नवी पट्टी बांधायच्या.

बायकोला तर अंगठ्याखालचं दिसायचंच नाही. गुडघ्यांमुळे तिला पाय वळवून पाहता येत नव्हता. रोज विचारायची, "कसा दिसून राहिला?" मी म्हणायचो, "कालच्यापेक्षा चांगला." तेवढ्यावर तिचा दिवस जायचा.

कॅमेरा हातात आलाच होता, म्हणून मी इतरही फोटो काढू लागलो. तर्रीत बुडालेले पोहे. समोरच्यांची बकरी. कूलरमध्ये पाणी भरताना स्वतःच चिंब झालेली शेजारीण. बायको म्हणायची, "माह्या पायासंगं बकरी! डॉक्टर काय म्हणतीन?" पण संध्याकाळी तीच कॅमेरा मागून घ्यायची, पायाचे फोटो न बघताच पुढे सारायची आणि बकरी पाहून हसायची. महिनाभर घराबाहेर न पडलेल्या माणसाला बकरीसुद्धा पाहुण्यासारखी वाटते.

जून लागला तसं एका संध्याकाळी धुळीचं वादळ आलं. आभाळ तांबूस झालं, कुणाचे तरी टिनाचे पत्रे उडाले. मी गच्चीवर उभा राहून सात-आठ फोटो घेतले आणि डोळ्यांत, कानांत धूळ घेऊन खाली आलो.

दोन दिवसांनी दुपारी कार्ड लॅपटॉपला लावून मी अंगठ्याचा सकाळचा फोटो मोठा केला, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. जखमेच्या कडेला, अंगठ्याच्या मुळाशी, काळा डाग. आदल्या दिवशीचा फोटो उघडला. त्यातही, त्याच जागी.

पहिला राग नर्सबाईंचा आला. एवढं काळं त्यांना दिसलं नाही? मग माझाच आला, कारण मलाही सकाळी दिसलं नव्हतं. पट्टी सोडून बघायची माझी हिंमत नव्हती. मी उठलो, पुन्हा बसलो.

"चेहरा काहून असा केला?" बायकोनं विचारलं. "कसा दिसून राहिला?"

मला 'चांगला' म्हणता आलं नाही. "चल, डॉक्टरकडे जाऊ," एवढंच म्हणालो.

रिक्षात ती म्हणाली, "कापा म्हणतलं तं कापू द्या. पण मले आधी सांगजा. मले तं समजनारबी नाही." तिनं ते इतक्या सरळपणे म्हटलं की मी रस्त्याकडे तोंड करून बसलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली. मध्ये धरायला कॅमेरा नव्हता, तो मी त्यांच्या टेबलावर ठेवला होता. पहिल्यांदाच मी उघड्या डोळ्यांनी तिचा तळपाय पाहिला. गुलाबी. कडेनं नवी, पातळ कातडी आलेली.

"काळं कुठंय?" डॉक्टरांनी विचारलं.

मी कॅमेरा सुरू करून दाखवला. त्यांनी फोटो पाहिला, पाय पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. मग बटण दाबत मागे गेले. कालच्या पोह्यांच्या ताटलीत काळा डाग. कालच्याच बकरीच्या कानाजवळ काळा डाग. शेवटी त्यांनी कॅमेरा समोरच्या पांढऱ्या भिंतीवर रोखून एक फोटो काढला आणि आमच्यापुढे धरला. भिंतीवर, त्याच जागी, तोच डाग.

"धूळ आहे, काका. कॅमेऱ्याच्या आत गेलीय."

मी साप साप म्हणून भुई धोपटत इथवर आलो होतो. जीव भांड्यात पडला म्हणतात, माझा तर भांड्यासकट खाली आला. खुर्चीत बसलो आणि रडायलाच लागलो. डॉक्टर, त्यांची मदतनीस, सगळ्यांसमोर. लाज वाटली नाही. इतकं बरं वाटत होतं की लाजेला जागाच उरली नव्हती.

बायकोनं हात पुढे केला. "आना तो इकडं." कॅमेरा घेऊन तिनं माझाच फोटो काढला, पडद्याकडे पाहिलं आणि खुदकन हसली. रडक्या तोंडाच्या म्हाताऱ्याच्या गालावर काळा ठिपका. "पाहा, तीट लागली तुमाले. आता कोनाची नजर नाही लागत."

डॉक्टरही हसले. म्हणाले, "काकू, अंगठ्याची काळजी सोडा. तो तुमच्याजवळच राहणार. आजपासून हा पुढून उघडा, मऊ जोडा घालायचा आणि पाय थोडा थोडा पूर्ण टेकवायचा."

येताना रिक्षात आम्ही दोघं विनाकारण बोलत होतो, भाजी काय करायची, मुलाला आता फोन करावा की जेवण झाल्यावर. घर आलं. मी आधी उतरलो आणि हात दिला. तिनं नव्या जोड्यातला उजवा पाय बाहेर काढला आणि खाली ठेवला. आधी टाच, मग सावकाश पुढचा भाग. अंग माझ्या हातावर तोलून ती तशीच थांबली.

"टेकला का जी?" तिनं विचारलं.

मी वाकून पाहिलं. अंगठा जमिनीवर होता.

"टेकला," मी म्हणालो.

मग तिनं दुसरा पाय खाली घेतला.