दगडात बसवलेलं घड्याळ

तिला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते क्रेनवाल्यावर ओरडताना. आमच्या शेजारचं गॅरेज तिने भाड्याने घेतलं होतं आणि दारात कपाटाएवढा काळा दगड उतरत होता. "साखळी काढा, पट्टा लावा! कड उडाली तर तुम्ही बसवून देणार का?"

"ताई, दगडच आहे ना?" क्रेनवाला म्हणाला. त्यावर ती जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. जन्मभर शिक्षिका होते मी.

ठोकाठोकीवरून गल्लीने तिला ठकठकबाई करून टाकलं. माझी मात्र तिच्याशी गट्टी जमली. तरुणपणी ती एका पुतळेवाल्याकडे कामाला होती आणि तिच्या वाट्याला थोर पुरुषांचे कान यायचे. "बाई, सगळ्यांचे कान एकाच मापाचे, मालकाचा हुकूम! एक दिवस म्हटलं, पुरे. आता ज्याला नाक-कान नाहीत तेच करीन." तेव्हापासून ती नुसते आकार घडवायची. घेणारे थोडे, नाकं मुरडणारे पुष्कळ.

तो काळा दगड बसस्थानकाच्या आवारासाठी होता. चार लोकांत उभं राहणारं तिचं पहिलंच काम. त्यात तिने आरपार गोल पोकळी कोरली. बाहेरून दगड खडबडीत ठेवला; आतून मात्र पाणी मारून घासत राहिली. डोळे मिटून हात फिरवायची, बोटाला जरा अडलं की पुन्हा घासायची. दोन वर्षं गेली त्यात.

"दोन वर्षं खपलीस," तिचा थोरला भाऊ म्हणाला, "आणि काढलंस काय, तर भोक!"

"दादा, तुझ्या डोक्यात आहे ते फुकटचं. हे मेहनतीचं आहे."

स्थानकात दगडाच्या दोन्ही बाजूंना बाकं होती. अलीकडे बसलेल्याला पलीकडच्या अनोळखी माणसाचा चेहरा त्या गोलात दिसायचा. पोरं एकमेकांना वाकुल्या दाखवायची. मोठी माणसं आधी नजर चुकवायची, मग हळूच पुन्हा बघायची. तिला हवं होतं ते एवढंच.

गेल्या वर्षी मी बहिणीकडे निघाले होते. स्थानकात शिरले आणि थबकलेच. पोकळीत पांढरं घड्याळ ठोकून बसवलं होतं, खाली कुठल्याशा दुकानाची जाहिरात. मी तशीच परत फिरले आणि तिला घेऊन आले.

स्थानकप्रमुख खुशीत होते. "जागा मोकळीच होती मॅडम. लोकांची सोय झाली."

"मोकळी नव्हती! मी ती मोकळी केली होती. काढा ते."

"काढू की. पण बोल्टची चार भोकं राहतील हं. तुम्हाला तर भोकं आवडतात."

आजूबाजूचे फिदीफिदी हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्गातला असता तर त्याला बाहेर उभं केलं असतं. ती मात्र ऐकतच नव्हती. तिने घड्याळाच्या कडेने आत बोट घातलं होतं. एका बोल्टपासून बारीक तडा थेट काठापर्यंत गेला होता. तडा काही बुजत नाही. घड्याळ काढलं काय, ठेवलं काय.

ती घरी गेली आणि छिन्नी-हातोडी घेऊन परत आली. दगडाच्या पायाशी तिचं नाव कोरलेलं होतं. तिथे मांडी ठोकून बसली आणि एकेक अक्षर उडवायला लागली. पहारेकरी धावला. "ओ बाई, सरकारी मालमत्ता आहे ती!"

"दगड तुमचा, घड्याळ तुमचं. नाव माझं आहे. बाजूला हो, डोळ्यात कपचा जाईल."

तो बाजूला झाला. शेवटचं अक्षर जाईपर्यंत ती थांबली नाही.

मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून तिच्यावर खटला भरला आहे. बोल्ट ठोकणाऱ्यावर नाही. माफी मागितली तर प्रकरण मिटवू, असं स्थानकप्रमुखांनी भावाकरवी कळवलं, भाऊही म्हणाला, "माग आणि मोकळी हो." तिने मागितलेली नाही. पुढची तारीख सोमवारी आहे.