शालूचे भादव्यातले पाढे

दर्यापुराकडच्या आमच्या गावात खुशालराव मास्तर अठरा वर्षं शिकवत होते. नाकात चिमूटभर तपकीर, एक लांब खाकरणं, आणि मग, "हंऽऽ, बोला पोट्टेहो!" त्यांचं एक वेड होतं. म्हणायचे, "पोट्टे माघात हुशार असतेत अन् भादव्यात ढ होतेत. पेवातली जवारी सरली का पाढेबी सरतेत."

गाव हसायचं. उपाशी तर कोणीच नव्हतं. पातळ आंबील, अंबाडीची भाजी, पोट टम्म!

सूर्यभानची शालू नऊ वर्षांची. हुरड्याच्या दिवसांत तिने तिसापर्यंत पाढे घडाघडा म्हटले होते. श्रावण लागला तशी ती तेरातच अडकू लागली. सूर्यभानने बजावलं, "डिप्टीसमोर पास झाली त शाळा. नाई त वावरात तन निंदाले."

शाळा तपासायला डिप्टी साहेब भादव्यातच यायचे. तपासणी माघात घ्यावी, असा अर्ज मास्तरांनी केला होता. उत्तर आलं नाही. म्हणून तपासणीच्या सकाळी त्यांनी शालूला घरी जेवायला बोलावलं. त्यांच्या बायकोने, पार्बताबाईंनी, तुरीचं वरण, तुपाची धार, गूळ, दोन भाकरी वाढल्या. "खाय वं माय, लाजू नको." शालूने ताट पुसून खाल्लं.

डिप्टी बैलांच्या दमणीतून उतरले. "हं, मुली. तेरा सक्कं किती?"

शालूने तोंड उघडलं ते जांभईला. "तेरा सक्कं... तेरा..." एवढं अन्न त्या पोटाला ठाऊकच नव्हतं. ती हळूच खाली बसली आणि भिंतीला टेकून झोपली.

"अहो मास्तर, ही मुलगी आहे की अजगर?"

आम्ही वर्गातले सगळे खिदळलो. शेरा पडला: मंदबुद्धी.

संध्याकाळी मास्तर सूर्यभानकडे गेले. "चूक माही आहे, सूर्यभानजी. एका जेवणानं काय होते? दोन-चार महिने तिले डाळ, दूध..."

सूर्यभान रागावला नाही. "मास्तर, खायाले कमी पडते म्हनून येत नाई, म्हनत होते ना तुमी? आज त तूप खाऊन गेली थे. तरी नाई आलं. आता काहून तिच्या मांगं लागून राहिले?"

दुसऱ्या दिवशी शालू बायांबरोबर निंदायला गेली.

पुढच्या भादव्यात तपासणीच्या आदल्या दिवशी मास्तर घरोघर हिंडले. जी पोरं वर्गात पेंगतात, त्यांना उद्या पाठवू नका म्हणाले. डिप्टींनी शाळेला 'उत्तम' शेरा दिला.