रुमाल टाकलेली जागा

वसुधाक्कांची नि माझी पहिली भेट भांडणातून झाली. बंगळुरात जे. पी. नगरहून बोम्मसंद्र्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी पहिल्याच दिवशी चढले, खिडकीजवळची रिकामी जागा पाहिली आणि खुशाल बसले. मागून एक ठेंगणी बाई दोन पिशव्या सांभाळत आली. "उठ गं. रुमाल दिसला न्हाई व्हय?" उठून बघते तो खरंच माझ्याखाली एक निळ्या चौकडीचा रुमाल चुरगळलेला. बाईंनी तो खालूनच खिडकीतून आत फेकला होता. इंजिनियर लोकांच्या बसमध्ये निपाणी स्टँडवरचा कायदा चालतो हे मला ठाऊक नव्हतं. पुण्याची असल्यामुळे मी रीतसर वाद घातला आणि हरले. ऑफिसात पोचल्यावर कळलं की याच बाईंच्या हाताखाली मला काम करायचं आहे.

औषधांच्या त्या कारखान्याचं सगळं स्टोरेज, म्हणजे संगणकांवरची माहिती साठवायची जागा, अक्का सांभाळायच्या. सांभाळायच्या म्हणजे त्याच्याभोवती फिरायच्या. खुर्ची होती, पण ती पिशव्यांसाठी. उभ्यानेच टायपिंग, उभ्यानेच जेवण. कँटीनमध्ये "स्वल्प बेग कोडी, अण्णा" म्हणून घाई करायची आणि मिळालेला चहा अर्धा टाकून निघायचं. त्यांच्याबरोबर दोन तास काढले की माझेच पाय दुखायला लागत. फोनची रिंग पुरती वाजूही द्यायच्या नाहीत. "बोल. सरी. सरी. येते." 'सरी' म्हणजे कानडीतलं 'बरं'. झालं संभाषण.

आमच्या सर्व्हरवर कितीतरी व्हर्च्युअल मशीन चालत, म्हणजे हात लावता येणार नाहीत असे, नुसते सॉफ्टवेअरचे संगणक. प्रत्येकाला वाटे, आपल्याला स्वतःची डिस्क आहे. खरं तर ती सामाईक स्टोरेजवरची एक फाइल असे. ती फाइल करतानाच ठरवावं लागे, जागा द्यायची कशी, 'थिक' की 'थिन'. पुस्तकातली व्याख्या मी पाठ करून गेले होते. अक्कांनी ती ऐकूनही घेतली नाही.

"थिक म्हणजे रुमाल टाकलेली जागा. कुणी बसू दे, न बसू दे, ती त्याचीच. थिन म्हणजे तोंडी जागा. 'या की, जागा हाय' म्हणायचं आणि येईल तसं सरकून घ्यायचं."

"पण थिकमध्येही दोन प्रकार आहेत ना?"

"हाय की. एकात रुमाल टाकत्यात, पण बाक पुसायचं ते माणूस बसायला आला की मग. दुसऱ्यात सगळं बाक आधीच शून्यांनी पुसून ठेवत्यात. आपल्याकडं पुसून."

गंमत अशी की हे पुसून ठेवणं सगळ्यांत वेळखाऊ. जगातल्या सर्वांत उतावळ्या बाईंनी सर्वांत रेंगाळणारी पद्धत धरून ठेवली होती. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरके आणि अक्का सर्व्हरच्या कपाटांमधल्या बोळातून येरझाऱ्या घालत, दर फेरीला डोकावून "अजून न्हाई?" म्हणत. मला हसू यायचं आणि कधीकधी वैतागही.

मग नवे साहेब आले. त्यांनी पाहिलं की धरून ठेवलेली बरीचशी जागा रिकामीच आहे. त्यांचं म्हणणं, सगळं थिन करून टाका. "सब लोग एक साथ थोड़ी ना माँगेंगे, मॅडम?"

"मँगते, सर," अक्का आपल्या बेळगावी हिंदीत म्हणाल्या. "बराबर एक साथच मँगते."

साहेबांनी ऐकलं नाही. थिन करायचं ठरलं आणि त्यासाठी एक शनिवार मुक्रर झाला.

आता, या बाईंच्या घरची तऱ्हा काय होती? अक्कांची आई निपाणीत एकटी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. लेक आल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही म्हणून म्हातारी थांबलेली, आणि लेक दर फोनवर "या शनिवारी येते, आई" म्हणणारी. मुलगा म्हैसूरला शिकायला. त्याच शनिवारी त्याचं हॉस्टेलचं सामान हलवायला जायचं कबूल केलेलं. मी म्हटलं, "अक्का, शनिवार एक आणि तुम्ही तो तिघांना दिलाय."

"अगं, सगळी एकदम थोडीच बोलावत्यात?"

"हे साहेबांचं वाक्य आहे, अक्का."

मी थट्टेनेच बोलले. अक्का चालता चालता थबकल्या. मग पुन्हा चालू लागल्या, आधीपेक्षा जोरात. त्या दिवशी त्यांनी कुणालाच "येते" म्हटलेलं मला ऐकू आलं नाही.

शनिवारी सकाळी आम्ही काम सुरू केलं. एकेक डिस्क थिन होऊन दुसरीकडे जात होती. मुलाचे फोन येत होते, साहेबांचे येत होते. मग आईचा आला. अक्कांनी पट्टीकडे बघायचं म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"उद्या सकाळी डॉक्टरनी बोलावलंय. तू न्हाई आलीस तरी चालंल. मी जाऊन येते एकटी. रस्ता पाठ हाय मला."

अक्का खुर्चीवरच्या पिशव्यांवर तशाच बसल्या. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला भीती वाटली. डोळे पुसून त्या उठल्या, पिशव्या उचलल्या. "तू बघ हे. मी निघाले."

"साहेबांना काय सांगू?"

"निघाले म्हणून सांग."

त्या निपाणीहून परत आल्याच नाहीत. आधी रजा वाढली, मग राजीनामा आला. अर्धवट सरकवलेल्या डिस्का माझ्या गळ्यात पडल्या. मला त्यांचा राग आला, आणि बोळ इतका सुना वाटायला लागला की त्याचाही राग आला.

पुढे कारखान्याची तपासणी निघाली आणि प्रत्येक विभागाने आपापल्या नोंदी एकाच वेळी काढायला घेतल्या. सगळ्यांनी एकदम जागा मागितली. स्टोरेज तुडुंब भरलं आणि मशीन एकामागून एक गोठली. काय हलवावं, काय पुसावं, मला सुचेना. साहेब खुर्चीच्या मागे उभे राहून म्हणाले, "मॅडम को फोन लगाओ." भर दुपारी मी निपाणीला फोन लावला. रिंग वाजतच राहिली. शेवटी अक्कांच्या आईनं, आजींनी उचलला.

"कोण? ऑफिसातली व्हय तू? झोपलीया ती. उठवू?"

हो म्हणणारच होते.

"दुपारची झोपलेली कधी बघितलीच न्हवती गं हिला, ल्हान असल्यापास्नं. डोळ्यांचं आपरेशन झाल्यापास्नं बघत बसते हिच्याकडं. सांग, उठवू?"

साहेब खुणेने विचारत होते, काय म्हणतात?

"नको, आजी," मी म्हटलं. "उठवू नका."