ब्रेक दिसला पाहिजे

बेनीअंकल गाडीकडे पाठ करून उभे होते. उजव्या हाताने त्यांनी दरवाजाच्या चौकटीतलं हँडल घट्ट धरलं होतं. मागे नवीकोरी हायब्रिड गाडी, दरवाजा पूर्ण उघडा, पुढची सीट मागे सरकवलेली. आता फक्त बसायचं राहिलं होतं.

“पप्पा, बसा ना,” त्यांचा मुलगा एल्विन म्हणाला.

“बसतो.”

पण ते बसेनात. मी त्यांच्या डाव्या बाजूला, पडले तर धरता यावं म्हणून उभी होते. माझगावच्या त्या गल्लीत शेजाऱ्यांनी खिडक्या उघडून बघायला सुरुवात केली होती. डेमोची गाडी घेऊन आलेला शोरूमचा प्रथमेश उगाचच रुमालाने बॉनेट पुसत होता.

मी परळच्या एका रिहॅब सेंटरमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारानंतर माणसाच्या अंगात जेवढी ताकद परत येते, तेवढ्यात त्याला स्वतःचं स्वतः काय काय करता येईल, हे बघणं माझं काम. शर्ट घालणं, आंघोळ करणं, गाडीत बसणं. खुर्चीतून उठून दुसऱ्या जागी सुरक्षित बसण्याला आम्ही ‘ट्रान्सफर’ म्हणतो.

बेनीअंकल गोदीत क्रेन ऑपरेटर होते. स्ट्रोकमुळे त्यांची डावी बाजू कमजोर झाली. घरात ते काठी घेऊन चालायला लागले, पण मधल्या काळात एका भाड्याच्या गाडीत बसताना पडले. लागलं फारसं नाही. तेव्हापासून मात्र एकाही गाडीत बसले नव्हते. सेंटरला येणं बंद झालं, चर्चमधली रविवारची प्रार्थना, मास, तीही मोबाइलवर. मी घरी जाऊन व्यायाम घ्यायचे, पण उंबऱ्याबाहेर न पडणाऱ्या माणसाची ताकद हळूहळू परत जाते. ती जायला लागलेली मला दिसत होती.

त्यातच नातीचं फर्स्ट कम्युनियन जवळ आलं होतं. चर्चमध्ये मूल पहिल्यांदा प्रसाद घेतं, तो सोहळा. एल्विनने ठरवलं, नवी गाडी घ्यायची आणि पप्पांना त्यातून न्यायचं. मला फोन आला.

“मॅडम, टॉप व्हेरिएंट बुक केलाय. पप्पांसाठी कंजुषी नको. तुम्ही फक्त एकदा बघून सांगा.”

व्हेरिएंट म्हणजे काय, हे आधी मलाही नीट माहीत नव्हतं. प्रथमेशने समजावलं. इंजिन तेच, बॅटरी तीच, पत्रा तोच. वरच्या व्हेरिएंटमध्ये वस्तू वाढत जातात. आपल्याकडच्या माशाच्या थाळीसारखं. भात आणि कढी सगळीकडे सारखीच. स्पेशल थाळीत कोळंबी, शिंपल्यातल्या तिसऱ्या आणि वर गोड. फरक एवढाच, की इथे नुसत्या तिसऱ्या वेगळ्या मिळत नाहीत. एक वस्तू हवी असेल तर तिच्याबरोबरच्या दहा घ्याव्या लागतात.

मी पिशवीतून टेप काढली. माझं मोजण्यावर प्रेम आहे, सेंटरमध्ये त्यावरून चेष्टाही होते. सीटची रस्त्यापासूनची उंची अंकलच्या गुडघ्यापेक्षा थोडी वर. उत्तम, खोल सीटवरून उठणं कठीण जातं. टॉपमध्ये सनरूफ होतं, त्यामुळे आतलं छत थोडं खाली आलेलं. अंकल उंच, त्यांना मान जास्त वाकवावी लागणार. पॉवर सीट, म्हणजे बटणाने वरखाली होणारी, होती खरी, पण ती ड्रायव्हरची. शेजारच्या सीटला साधा खटका. मधल्या रांगेत मात्र थाट होता. दोन वेगवेगळ्या खुर्च्या, हात टेकायला जागा, पाय उचलून धरणारी पाटी.

“पप्पा राजासारखे बसतील,” एल्विन म्हणाला.

“पाठी बसून मी बघू काय? तुझं टक्कल?” अंकल म्हणाले.

म्हणून आम्ही पुढच्या सीटवर ट्रान्सफर करत होतो. गणितही तेच सांगत होतं. डावीकडच्या दाराशी पाठ करून उभं राहिलं, की चौकटीतलं हँडल त्यांच्या चांगल्या, उजव्या हाताशी येतं. बसायचं, वळायचं, उजवा पाय आत, मग हाताने उचलून डावा. घरातल्या खुर्चीवर हे त्यांनी कितीतरी वेळा केलं होतं.

आणि तरी ते उभेच होते. मला वाटलं, सीटच्या कडेचा फुगवटा आड येतोय. मी उशी मागवली. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

मी टेप खाली ठेवली. “अंकल, त्या दिवशी पडलात तेव्हा नक्की काय झालं होतं?”

“मी अर्धा बसलेलो, बाय. आणि गाडी हलली. वीतभर. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवरून निघाला.” मग त्यांनी मान वळवून विचारलं, “ही आता चालू हाय का बंद?”

आम्ही तिघांनी गाडीकडे बघितलं. काहीच आवाज नव्हता.

“चालू आहे, अंकल,” प्रथमेश म्हणाला. “एसीसाठी ठेवलीय. हायब्रिड आहे ना, उभी असताना इंजिन बंद होतं, बॅटरीवर असते. एकदम सायलेंट. लोकांना तेच आवडतं.”

“आणि ब्रेक?”

“इलेक्ट्रॉनिक आहे. बटण दाबलं की लागतो. ऑटो होल्डपण आहे, म्हणजे थांबलात की आपोआप.”

“आपोआप?” अंकल म्हणाले. “अख्खी नोकरी क्रेनवर गेली माझी. आपोआप काय होत नाय. कोणीतरी मारायचा असतो, नि दुसऱ्यानं बघायचा असतो. मग माणूस चढतो.”

ब्रेक लागल्याची खूण होती, पण ती ड्रायव्हरसमोरच्या पडद्यावर, लहानशी. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला ती दिसत नव्हती. मी स्वतः त्यांच्या जागी उभी राहून बघितलं.

“हाताने ओढायचा ब्रेक कुठल्या व्हेरिएंटमध्ये येतो?” मी विचारलं.

प्रथमेशने आवाज खाली आणला. “मधल्यात. पण मॅडम, त्यात बटणाचा ब्रेक नाही, ते तर मिसिंग फीचर आहे. आम्ही कस्टमरला सांगतसुद्धा नाही.”

“दाखवता येईल?”

“डेमोला टॉपच असतो. मधला कोणी बघायला मागत नाही.”

त्याने विषय तिथेच सोडला असता तर त्याला कोणी काही म्हटलं नसतं. टॉपचं बुकिंग हातात होतं. पण दोन दिवसांनी त्याचा फोन आला. त्याने शिवाजी पार्कच्या एका जुन्या ग्राहक बाईंना विनंती केली होती. त्या निवृत्त, एकट्या राहणाऱ्या. आपली मधल्या व्हेरिएंटची गाडी घेऊन त्या स्वतः माझगावला आल्या. आमची ओळख ना पाळख.

“हवा तितका वेळ घ्या,” त्या म्हणाल्या. “ही गाडी बोलत नाही हो. सुरुवातीला मीपण दोनदा चालूच ठेवून घरी गेले होते.”

त्यांनी गाडी पूर्ण बंद केली आणि दोन सीटच्या मधला दांडा वर ओढला. कर्रर्र. तो आवाज गल्लीत सगळ्यांना ऐकू आला. अंकलनी वाकून बघितलं. दांडा उभा होता. त्यांनी पाठ वळवली, हँडल धरलं आणि बसले. उजवा पाय आत. मग डावा. मी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

एल्विनने तोंड फिरवून घेतलं. मग म्हणाला, “पण मॅडम, लोक म्हणतील बापासाठी मधलं मॉडेल घेतलं.”

आतून आवाज आला. “लोकांना पाठी बसव.”

बुकिंग बदललं. प्रथमेशने ते कुरकुर न करता बदलून दिलं. मी एकच नियम घालून दिला. आधी ब्रेक ओढायचा, मग गाडी बंद, मग दार. घाईतसुद्धा हाच क्रम.

कम्युनियनच्या रविवारी मलाही बोलावणं होतं. पांढऱ्या फ्रॉकमधली नात चर्चच्या पायरीवर वाट बघत उभी होती. गाडी येऊन थांबली. एल्विनचा हात दांड्याकडे जाणार, तोच अंकलनी उजवा हात टाकून तो स्वतः ओढला. आपल्याकडे पुढच्या डाव्या सीटवर बसलेल्याच्या उजव्या हातालाच तो दांडा येतो. टेप घेऊन फिरणाऱ्या मला हे आधी सुचलं नव्हतं.

आता ते आठवड्यातून दोनदा सेंटरला येतात. ब्रेक मारण्याचं काम त्यांनी परस्पर आपल्याकडे घेतलं आहे. प्रथमेश आणि त्या शिवाजी पार्कच्या बाई, या दोघांनी माझ्या पेशंटसाठी जे केलं, ते त्यांच्या कुठल्याच कामात बसत नव्हतं. त्यांचे आभार मी तेव्हाही मानले, इथेही मानते.

गाडीचा कुठला व्हेरिएंट घ्यावा, असं हल्ली मला पेशंटचे नातेवाईक विचारतात. मी सांगते, ब्रोशर नंतर वाचा. ज्याला बसायचंय त्याला दाराशी उभं करा आणि तो कुठे अडतो ते बघा. तो अडला, तर पहिल्यांदा त्यालाच विचारा. टेप नंतर काढली तरी चालते.