उन्हाळी सुट्टी वजा जाता

नव्वदच्या दशकात साताऱ्यात माझी दिवाणी वकिली बरी चालली होती. निदान घरी तरी मी तसं सांगत असे. जूनमधल्या एका रविवारी सांगलीत वकिलांचा अभ्यासवर्ग होता, विषय अपिलाची मुदत. वीस वर्षं अपिलं दाखल करणाऱ्याला मुदत कोण शिकवणार? पण बायको म्हणाली, "जा हो, येताना भडंग आणा." म्हणून गेलो.

निवृत्त न्यायाधीश बोलत होते. नाश्त्याच्या शिऱ्याने माझे डोळे जड झाले होते. तेवढ्यात ते म्हणाले, "काही वकील उन्हाळी सुट्टीचे सगळे दिवस मुदतीतून वजा करतात. चूक! मुदत सुट्टीत संपली, तर कोर्ट उघडेल त्याच दिवशी अपील दाखल झालं पाहिजे."

सगळे हसले. मीही हसलो आणि हसता हसताच गार पडलो.

पाटणजवळच्या एका मावशींच्या घराची वाट शेजाऱ्याने कुंपण घालून अडवली होती. खालच्या कोर्टात आम्ही हरलो होतो. अपिलाची मुदत मे महिन्यातच संपली होती, कोर्ट उघडून आठवडा झाला होता, आणि मी सुट्टी वजा करून निवांत! हा हिशेब मला माझ्या सीनियरनी शिकवला होता. मी तो इमानेइतबारे तीन ज्युनिअरांना शिकवला होता.

भडंग राहिलं. सोमवारी एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला. मंगळवारी मावशी आल्या, तोवर उशीर माफ करण्याचा अर्ज तयार होता. अशा अर्जात पक्षकाराला आजारी पाडायचा आमच्याकडे रिवाज. मावशींना मी कावीळ दिली होती. अर्ज वाचून दाखवला.

"आवं वकीलसायेब, मला कवा झाली कावीळ?"

"मावशी, तसं लिहावं लागतं. उशीर झालाय ना."

"कुणामुळं?"

टायपिस्टची बोटं थांबली.

"माझ्यामुळं. दिवस मोजायला चुकलो."

मावशींनी अर्ज माझ्याकडे सरकवला. "मग तुमचं दुखणं माझ्या अंगावर कशापायी? मी न्हाई अंगठा द्यायची."

मी कागद फाडला. माझ्या चुकीचं प्रतिज्ञापत्र माझ्याच नावाने टाईप करून घेतलं. त्यातलं 'वीस वर्षांचा अनुभव' खोडावं असं फार वाटलं, पण राहू दिलं.

सुनावणीला समोरच्या वकिलाने ते मोठ्याने वाचून दाखवलं. रोज माझ्याबरोबर चहा पिणारा माणूस! मागच्या बाकावर माझे तिघे ज्युनिअर खाली मान घालून बसले होते. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि उशीर माफ केला.

बाहेर मावशींनी विचारलं, "वाट उघडली?"

"नाही. आता अपील चालेल."

तोवर त्या कुंपणाला वळसा घालून ओढ्यातूनच घरी जाणार होत्या, आणि पाऊस तर लागला होता.

"किती दिस?"

सवयीने माझी बोटं दिवस मोजायला उघडली. मी हात कोटाच्या खिशात घातला.