झोपवणारा बेडूक

लग्न होऊन मी जळगावहून बऱ्हाणपूरला आले, तेव्हा सासरी दुपारच्या चहानंतर सगळे मोबाइलवर राक्षसांच्या लढाईचा एक खेळ खेळायचे. प्रत्येकाकडे सहा राक्षस असत आणि ज्याचा शेवटी उरेल तो जिंकला. जिंकायचे मात्र नेहमी सासरेच. त्यांच्याकडे एक जाडा बेडूक होता. तो फुंकर मारून समोरच्याला झोपवायचा. एकामागून एक सहाही झोपले, की सासरे निवांतपणे त्यांना संपवायचे.

"बाबांशी खेळायला मजाच नाही येत," नणंद माझ्या कानाशी पुटपुटली. बाबांना ते ऐकू गेलं.

"मग काय, मी मुद्दाम हरू?" ते म्हणाले.

मी नवी सून, तोवर घरात बेताचंच बोलायचे. तरी तोंडातून निघून गेलं, "बाबा, बेडूक राहू द्या. पण एका वेळी एकालाच झोपवायचं. तो जागा झाला की मगच दुसरा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबांनी थोडा विचार केला. "चालेल. पण आधी तू खेळ माझ्याशी."

त्यांच्या बेडकाने माझा एक राक्षस झोपवला. मी लगेच दुसरा पुढे केला, तेव्हा बाबांना पहिल्यांदाच डोकं खाजवावं लागलं. डाव चांगलाच रंगला आणि थोडक्यात मी जिंकले. नणंदेने टाळ्या पिटल्या.

"काय झालं एवढं?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"सून जिंकली," बाबा हसत म्हणाले, "आणि आता अजून एक डाव खेळणार आहे. आम्हाला चहा टाक."