जळक्या तुपाचा धूर

मी इंदूरला कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. अन्नपूर्णा मंदिरापुढं एक ट्रक थांबला होता. त्याच्या धुराला जळक्या तुपाचा वास येत होता.

"इंजिन जळालं असेल तो आजच तुझी छुट्टी," ट्रकचा मालक ड्रायव्हरला म्हणाला.

जुना दरबारी कोट घातलेले एक अनोळखी गृहस्थ पुढं झाले. अत्तर हुंगावं तसा त्यांनी धूर हुंगला, मग बॉनेट उचलून आत पाहिलं. मालकाच्या पाठीमागं ड्रायव्हरनं हात जोडले. गृहस्थांनी बॉनेट बंद केलं.

"सेठजी, कम्बशन ओव्हर झालंय. चहा घेऊन या, तोवर थंड होईल."

मालकाला पटलं. मी बी.ए.ला होतो, मलाही पटलं.

मालक चहाला जाताच ड्रायव्हरनं इंजिनवर भाजायला ठेवलेले, तुपानं निथळणारे बाफले, म्हणजे माळव्यातले कणकेचे गोळे, बाहेर काढले. गाडीत रांधायला मालकाची सक्त मनाई होती.

गृहस्थांनी एक बाफला फोडला आणि बोटांवरचं तूप चाटलं. "नोकरी वाचली तुझी, भिया. पर घी थोडा और पाहिजे होता."

पुढं नोकरीत मी मोठमोठे तज्ज्ञ पाहिले. त्यांचं निदान मी आदरानं ऐकतो, पण नजर आधी त्यांच्या बोटांकडं जाते.